मदत हवी आहे: मांजरीला दिलेलं केटामाइनच आता आईला देणार आहेत

नमस्कार मंडळी. घाईत आणि घाबरून लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आईचा उजवा हात उकळत्या पाण्याने भाजलाय. एक दिवसाआड ड्रेसिंग असतं. चिकटलेली पट्टी सुटताना ती इतकी कळवळते की मला खोलीत उभं राहवत नाही. काल भूलतज्ज्ञ म्हणाले, पुढच्या वेळी थोडं केटामाइन, म्हणजे भुलीचं औषध, देऊन करू. नाव ऐकलं आणि धस्सच झालं.

चार महिन्यांपूर्वी आमच्या मनीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिलाही झायलाझीन या गुंगीच्या औषधाबरोबर हेच दिलं होतं. घरी आणली तर डोळे सताड उघडे, बाहुल्या मोठ्या, नजर कुठेच नाही. हाक मारली तरी कान हलेना. मग मान डोलायला लागली, लाळ गळायला लागली. फिट आली असं वाटून मी रडतच डॉक्टरांना फोन केला. मध्यरात्रीनंतर ती धडपडत उठली. आता ठणठणीत आहे, पण ते डोळे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आई ६७ वर्षांची आहे, बीपीची गोळी रोज चालू. नेटवर वाचलं की हे घोड्यांचं औषध आहे, लोक नशेसाठीही घेतात. आईला चालेल का? तिचीही अशीच अवस्था होईल का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
ताई, मी पशुवैद्य आहे. मनीचं जे वर्णन केलंत ते या औषधाचं नेहमीचं रूप. केटामाइनखाली मांजर पापणी मिटत नाही, म्हणून बुबुळ कोरडं पडू नये यासाठी मलम घालतात. नुसतं केटामाइन दिलं तर स्नायू ताठ होतात, त्यामुळे सोबत झायलाझीन किंवा मिडाझोलामसारखं गुंगी आणणारं, स्नायू सैल करणारं काहीतरी लागतंच. उतरताना मान डोलते. तेव्हा उबदार, अंधारी, शांत जागा द्यायची, उंचावर ठेवायचं नाही आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. मांजराच्या शरीरातून ते बरंचसं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मनी म्हातारी झाल्यावर पुन्हा भूल द्यायची वेळ आली तर आधी रक्ततपासणी करून घ्या.

प्रतिसाद २
मी भूलतज्ज्ञ. आधी घोड्यांचं मनातून काढा. केटामाइन १९६२ साली तयार झालं ते माणसांच्या भुलीसाठीच. १९६४ मध्ये माणसांना पहिल्यांदा दिलं, १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. भाजलेल्या जखमांच्या ड्रेसिंगला आम्ही ते आवर्जून वापरतो, कारण वेदना छान थांबते आणि श्वास सहसा चालू राहतो. सहसा म्हणतोय, कारण शिरेतून भराभर दिलं तर श्वास थोडा वेळ थांबूही शकतो. म्हणून ऑक्सिजन आणि मॉनिटर हवेतच.

मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर (पेशींवरचे संदेश घेणारे रेणू) या औषधाने अडवले जातात आणि शरीराकडून येणारी खबर जाणिवेपर्यंत नीट पोचत नाही. डोळे उघडे, पण माणूस तिथे नाही. शिरेतून दिलेली भूल साधारण दहा मिनिटांत ओसरू लागते.

तुमच्या आईच्या बाबतीत खरा मुद्दा बीपी. हे औषध नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं. त्या दिवशीची गोळी घ्यायची का, किती तास उपाशी राहायचं, हे विचारा. हृदयाचा काही त्रास असेल तर लपवू नका. उतरताना भास होऊ शकतात, मोठ्यांना लहान मुलांपेक्षा जास्त. मिडाझोलाम दिल्याने ते कमी होतात. नशेसाठी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांची मूत्राशयं खराब होतात, हे खरंय. देखरेखीखालच्या अशा मोजक्या डोसांशी त्याची गल्लत करू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज ड्रेसिंग झालं. बीपी आधी तपासलं, मिडाझोलामही दिलं. आईचे डोळे उघडेच होते, बुबुळं किंचित थरथरत होती. मला माहीत नसतं तर मी किंचाळले असते. पट्टी सुटली तेव्हा तिच्या तोंडून हूं की चूं नाही. खोलीतला दिवा मंद करून मी तिचा डावा हात धरून बसले. भानावर आल्यावर म्हणाली, "छत लांब लांब गेलं गं, आणि तो हात माझा नव्हताच." घाबरली नव्हती. दुपारी एकदा उलटी झाली. पुढचं ड्रेसिंग परवा आहे. उलटीचं औषध आधीच देता येतं का, ते उद्या विचारते.