'उर्लाउब'ला मराठीत काय म्हणावं: सुट्टी, रजा की पॅरोल?

उपशीर्षककार: 'डेर नॉइन्टे टाग' (२००४, दिग्दर्शक फोल्कर श्लोन्डोर्फ) या जर्मन चित्रपटाच्या सबटायटल्समधला पेच आहे. जर्मनीतल्या दाखाउच्या नाझी छळछावणीतून लक्झेंबर्गच्या एका फादरला नऊ दिवस घरी सोडतात. त्याने बिशपला नाझींकडे वळवायचं. तो परतला नाही, तर मागे राहिलेल्या सोबत्यांचा जीव जाणार. या सुटकेला चित्रपटात 'उर्लाउब' हा जर्मन शब्द आहे. मी 'सुट्टी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'पॅरोल' केलं. जागा दोन ओळींची, ओळीला फार तर ४० अक्षरं.

कोशप्रेमी: आपल्या कारागृहांत फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात, अभिवचन रजेचे धरत नाहीत. दाखाउत मुळात शिक्षेची मुदतच नव्हती. खटला न चालवता डांबायचे. म्हणून दोन्ही बाद, नुसतं 'रजा' घ्या. अरबी 'रिझा' म्हणजे संमती, आणि 'उर्लाउब'च्या मुळाशीही परवानगीच आहे.

साधीभाषा: व्युत्पत्ती पडद्यावर दिसत नाही हो. 'रजा' वाचलं की ऑफिसातला अर्ज आठवतो. पॅरोल बातम्यांत रोज असतो, तोच ठेवा.

कोशप्रेमी: अर्जाचा तो कोरडेपणाच तर हवा! गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, अधिकाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे तो. त्याच न्यायाने त्याच्या तोंडी 'छळछावणी'ही घालू नका. 'लागर' म्हणजे नुसती छावणी. छळणारा आपल्या जागेला छळछावणी कशाला म्हणेल?

साधीभाषा: नुसती 'छावणी' म्हटली की मराठवाड्यात चारा छावणी समजतील.

वसईकर: मला काळजी वेगळीच आहे. 'फारर-ब्लॉक'चं, म्हणजे दाखाउत धर्मगुरूंना ठेवत त्या बरॅकीचं, 'पाद्र्यांची बरॅक' करू नका. 'पाद्री' पोर्तुगीजांकडून आला, पण आमच्याकडे समोरच्याला कुणी तसं म्हणत नाही. 'फादर' किंवा 'धर्मगुरू'.

कोशप्रेमी: 'फादर'ने भागणार नाही. दाखाउत एकूण २७२० धर्मगुरू नोंदले गेले. त्यांत २५७९ कॅथलिक, १०९ प्रोटेस्टंट, २२ ऑर्थोडॉक्स, ८ इतर ख्रिस्ती पंथांचे आणि २ मुस्लिम.

वसईकर: मग 'धर्मगुरूंची बरॅक'. प्रोटेस्टंट असेल तिथे 'पाळक' लिहा, नगरकडे तोच शब्द आहे. आणि २६ नंबरच्या बरॅकीत जानेवारी १९४१ पासून चॅपल होतं, त्याचं 'मंदिर' करू नका. तिथे 'पूजा' नव्हे, 'मिस्सा' होते, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी.

साधीभाषा: 'मिस्सा' वसईबाहेर किती जणांना कळेल? 'प्रार्थना' लिहा.

वसईकर: प्रार्थना कैदी मनातही करेल. मिस्साला भाकर लागते, द्राक्षरस लागतो. पोलिश धर्मगुरूंना सप्टेंबर १९४१ नंतर त्या चॅपलमध्ये पाऊल टाकायला बंदी होती, ते चोरून भाकरीच्या कणावर मिस्सा करत. तिथे 'प्रार्थना' लिहिलंत, तर त्यांच्यापासून काय हिरावलं होतं तेच प्रेक्षकाला कळणार नाही.

उपशीर्षककार: 'मिस्सा' ठेवतो. पण 'उर्लाउब'चं काय?

साधीभाषा: पॅरोल.

कोशप्रेमी: रजा.