वेलनेस प्रोग्रॅममुळे विम्याचा हप्ता खरंच उतरतो का?

जमाखर्च:
कंपनीतल्या सगळ्यांच्या एकत्रित आरोग्य विम्याचं (ग्रुप विमा) नूतनीकरण तोंडावर आलंय. क्लेम वाढले म्हणून हप्ता वाढला, आणि व्यवस्थापनाचा उपाय ठरलेला: वेलनेस प्रोग्रॅम. पावलं मोजा, तपासणी करा, पॉइंट मिळवा. लोकांनी निरोगी व्हावं हे मलाही हवंय. पण यातून क्लेम कमी होतील हा हिशेब मला पटत नाही.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना प्रोग्रॅम दिला, काहींना नाही. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: वैद्यकीय खर्चात ठळक फरक नाही. भाग घेणाऱ्यांचा खर्च मुळात, प्रोग्रॅमच्या आधीपासूनच, कमी होता. म्हणजे भाग घेणारे आणि न घेणारे अशी नुसती तुलना केली की बचत झाल्यासारखी दिसते. प्रोग्रॅम विकणारे बहुतेक वेळा हीच तुलना दाखवतात.

सकाळची_फेरी:
सहमत नाही. रक्तदाब आज आटोक्यात आला तर त्याचा फायदा काही वर्षांनी, न आलेल्या झटक्यात दिसतो. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो शोधणं अन्यायाचं आहे. शिवाय नेमकं काम हाती घेतलं तर परिणाम होतो. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ८७८ धूम्रपान करणाऱ्यांवर प्रयोग झाला होता (२००९ मध्ये प्रसिद्ध). सिगारेट सोडण्यासाठी ७५० डॉलरपर्यंत बक्षीस दिलेल्या गटात साधारण वर्षभरानंतर १४.७ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटात ५ टक्के. सिगारेट सुटली हा फायदा नाही का?

जमाखर्च:
आहे, मोठा आहे. पण तो एका व्यसनावरचा नेमका उपाय होता. पावलं मोजण्याच्या स्पर्धेला त्याचा दाखला कसा चालेल? आणि थांबूनही पाहिलंय. बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीत याच पद्धतीने प्रयोग झाला. तीन वर्षांनंतरही वैद्यकीय खर्च, गैरहजेरी, रक्तदाब, साखर यांत म्हणावा असा फरक सापडला नाही. आपण वजन सांभाळतो असं सांगणारे तेवढे वाढले.

दवाखाना_दुसरा_मजला:
मी कंपन्यांसाठी वैद्यकीय सल्लागार म्हणून काम करते. तुम्ही दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरताय. पेप्सिको कंपनीच्या प्रोग्रॅमचा रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने अभ्यास केला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जीवनशैली सुधारण्याच्या भागात खर्चलेल्या डॉलरमागे अर्धा डॉलर परत आला. आधीच आजार असलेल्यांना औषधं, पाठपुरावा, नर्सचा फोन या भागात ३.८० डॉलर. अर्थात हा चिठ्ठ्यांचा प्रयोग नव्हता, त्यामुळे आकडा जपून वापरावा. पण मला रोज दिसतं तेही असंच आहे: मोठी बिलं मोजक्याच लोकांची येतात, आणि त्यातली बरीच गोळ्या मधेच सोडल्यामुळे.

रात्रपाळी:
मला मधुमेह आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. झोप नाही, जेवणाची वेळ नाही. त्यात साखरेचं ‘टार्गेट’ गाठलं नाही तर हप्त्यातली सवलत जाते. अमेरिकेत २०१४ पासून कायद्यानेच अशी सवलत किंवा दंड विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो, तंबाखूसाठी ५० टक्क्यांपर्यंत. अशाने कंपनीचा खर्च उतरला तरी तो आजारी माणसाच्या खिशातून गेला. आधी माझी पाळी स्थिर करा. आणि माझा अहवाल वरिष्ठांच्या टेबलावर जाणार नाही हे लेखी द्या.

जमाखर्च:
हेच म्हणतोय. पावलांच्या स्पर्धेचे पैसे काढून मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं पूर्ण मोफत करा, एक नर्स नेमा.

सकाळची_फेरी:
औषधांना माझा पाठिंबा, अहवाल गुप्त ठेवण्यालाही. पण तपासणी बंद करायला विरोधच राहील. तुमच्याच इलिनॉयच्या प्रयोगात तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं. आपल्याला मधुमेह आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्या नर्सपर्यंत पोचणार कसा?