रविवारची फवारणी आणि ब-304 मधील कोळी

सचिव (अ-201), गुरुवार, सकाळी 9.10
सर्व सभासदांस नमस्कार. येत्या रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून तिन्ही विंगच्या जिन्यांत, पॅसेजमध्ये, डक्टमध्ये आणि प्रत्येक सदनिकेच्या स्वयंपाकघरात व बाथरूममध्ये पेस्ट कंट्रोल होणार आहे. मागील वेळी काही सदनिका बंद राहिल्या, झुरळांनी तेथे आसरा घेतला आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा सर्वत्र पसरली. त्यामुळे या वेळी कोणासही सवलत मिळणार नाही, याची नोंद घ्यावी.

ब-304, सकाळी 10.25
सचिवसाहेब, एक विनंती आहे आणि ती करायची तर आजवर ग्रुपवर न सांगितलेली गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या नववीतील मुलीने टॅरँटुला कोळ्याचे एक पिल्लू पाळले आहे. पाय पूर्ण पसरले तर ते दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठे भरते. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील ही प्रजाती असून तिचे शास्त्रीय नाव ब्रॅकिपेल्मा हॅमोरी आहे. घरात मात्र तिला ‘राई’ म्हणतात. झुरळांसाठी फवारल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचा कोळ्याच्या मज्जातंतूंवरही तसाच परिणाम होतो आणि एवढ्या लहान जिवाला हवेत उडालेले तुषारही पुरेसे असतात. म्हणून आमची सदनिका व तिच्यासमोरील पॅसेज फवारणीतून वगळावा. झुरळांसाठी ओट्याखाली आणि कपाटांत आम्ही स्वखर्चाने जेल लावून घेऊ.

ब-204, सकाळी 10.31
आपण हे गंमतीने लिहिले आहे का? आम्ही आपल्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. बाथरूमच्या जाळीतून तो प्राणी खाली उतरला तर माझ्या वयाच्या माणसाने काय करावे, हेही कळवावे.

ब-303, सकाळी 10.40
ताई, आपला शेजार चार वर्षांचा आहे म्हणून रागाने विचारत नाही, पण आमचे बाळ आठ महिन्यांचे आहे आणि आपल्या दोघींकडे एकच मावशी कामाला येतात. हा कोळी विषारी आहे का, एवढेच स्पष्ट सांगावे.

सचिव (अ-201), सकाळी 10.52
राईचा पर्वत करू नये, अशी सर्वांना विनंती. (शब्दयोग जुळून आला, त्यास माझा इलाज नाही.) ब-304 यांनी सविस्तर खुलासा करावा.

ब-304, सकाळी 11.35
आजोबा, वहिनी, आपले दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. विष आहे, कारण भक्ष्य मारण्यासाठी प्रत्येक टॅरँटुलाकडे ते असते. परंतु या प्रजातीचा दंश साधारणपणे मधमाशीच्या दंशाइतका मानला जातो. अमेरिका खंडातील अनेक टॅरँटुलांचे पहिले शस्त्र दात नसून पोटावरील केस असतात. ते मागच्या पायांनी हे केस उडवतात आणि खाजकुयलीसारखी आग होते. म्हणून राईला कोणीही हातात घेत नाही, मुलगीसुद्धा नाही, आणि डबा साफ करताना ती चष्मा लावते व नंतर साबणाने हात धुते. मावशींना पहिल्याच आठवड्यात सगळे दाखवले असून त्या खोलीचा केर मुलगीच काढते.

राई जाळीतून खाली येण्याविषयी सांगायचे तर ती जमिनीवर राहणारी आहे. तळहाताएवढ्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून दिले आहे आणि हवेसाठी पाडलेली छिद्रे तिच्या शरीराहून बारीक आहेत. त्या कोकोपीटमध्ये तिने स्वतः बीळ खणले असून दिवसाचे वीस तास ती तेथेच असते. डबा उंच घेतलेला नाही, कारण टॅरँटुलाचे पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे नाजूक असते आणि हातभर उंचीवरून पडल्यानेही ते फुटू शकते. आपल्याला तिची भीती वाटते हे मी समजू शकते, पण आमचे सारे वर्ष तिला आमच्यापासून जपण्यातच गेले आहे.

हे आम्ही चुकूनच शिकलो. राईच्या आधी एक पिल्लू होते. एका सकाळी ते उताणे, पाय वर करून निपचित पडलेले दिसले. मेले असे समजून मी दातकोरणीने त्याला हलवून पाहिले, तेव्हा त्याने पाय हलवला. ते कात टाकत होते. त्या वेळी शरीर इतके मऊ असते की माझ्या त्या एका स्पर्शाने त्याचे दोन पाय जुन्या कातडीत अडकून तुटले आणि चौथ्या दिवशी ते गेले. तुटलेले पाय पुढच्या दोन-तीन काती टाकताना पुन्हा येतात, हे मला नंतर कळले. पण त्याला तेवढा वेळ मिळाला नाही. मुलगी मला काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

अ-404, दुपारी 1.05
मी डॉक्टर या नात्याने एवढेच जोडतो की टॅरँटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. ज्यांना कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी मात्र अंतर राखावे. केस डोळ्यात गेल्यास डोळा मुळीच चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञास दाखवावा, कारण ते बारीक केस बुबुळात रुतून बसतात आणि दुखणे लांबते.

अ-102, दुपारी 1.20
आमच्या बाथरूममध्ये पावसाळ्यात हाताच्या पंजाएवढा तपकिरी, चपटा कोळी भिंतीवर दिसतो. पोटाखाली नाण्यासारखी पांढरी चकती धरून फिरतो. तोही टॅरँटुलाच का? तसे असेल तर आमच्याकडेही पाळीव प्राणी आहे म्हणावे लागेल.

ब-304, दुपारी 1.32
काका, तो हंट्समन कोळी असावा. ती चकती म्हणजे मादीने सांभाळलेली अंड्यांची पिशवी, आणि तो रात्री आपली झुरळेच खातो. पेस्ट कंट्रोलवाले त्यालाही मारतात, हा निराळा विषय.

क-501, दुपारी 2.45
ब-304 यांस. आपला खुलासा वाचला. प्राणी निरुपद्रवी असला तरी परदेशी वन्यजीव घरात ठेवणे कायदेशीर आहे का, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. माझ्या माहितीनुसार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साईट्स’ करारातील प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनी बंधनकारक झाली. आपल्याकडे कागद आहेत का?

ब-304, दुपारी 3.02
काका, आपली माहिती अचूक आहे. ब्रॅकिपेल्मा हा संपूर्ण गट साईट्सच्या परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, कारण या सुंदर लाल गुडघ्यांच्या कोळ्यांची मेक्सिकोच्या जंगलांतून पाळण्यासाठी बेसुमार उचल झाली. ही मंदगतीने वाढणारी प्रजाती आहे, मादी वयात यायलाच बरीच वर्षे लागतात, त्यामुळे एकदा बिळे रिकामी झाली की ती लवकर भरत नाहीत. राई जंगलातून आणलेली नाही. ती पाळलेल्या मादीचे पिल्लू आहे. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरील तिच्या नोंदणीची प्रत आज संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात देते. याच निमित्ताने सांगते की आपल्या सह्याद्रीतही पोइसिलोथेरिया गटाचे देखणे, झाडांच्या ढोलीत राहणारे टॅरँटुला आहेत. तो गटही 2019 पासून साईट्समध्ये आहे आणि त्यांचा दंश राईपेक्षा बराच वेदनादायक असतो. ताम्हिणीला सहलीस गेल्यावर मुलांनी बाटलीत काही भरून आणू नये.

सचिव (अ-201), दुपारी 4.15
कंत्राटदाराशी बोललो. तो म्हणतो की औषध ‘हर्बल’ आहे, त्यामुळे पाळीव प्राण्यांना काही होत नाही.

ब-304, दुपारी 4.22
साहेब, कुत्र्यामांजरांपुरते ते एक वेळ मान्य करता येईल. पण पायरेथ्रॉइड औषधे ज्याच्या धर्तीवर बनवतात ते पायरेथ्रम मूळचे शेवंतीच्या कुळातील फुलांपासूनच मिळते आणि कीटक मारण्यासाठीच वापरले जाते. फुलातून आले तरी कोळ्याला ते सोसत नाही. आमच्या घरी डासांचे लिक्विड मशीनही वर्षभर बंद आहे, आम्ही मच्छरदाणीत झोपतो.

ब-204, दुपारी 4.30
माझा विरोध मी मागे घेत नाही. परंतु तुमची एक सदनिका वगळली की झुरळे तेथे जमतील आणि तेथून पहिल्यांदा माझ्याकडे उतरतील, हा माझा खरा मुद्दा आहे. कोळ्याचा मी फार विचार केलेला नाही.

सचिव (अ-201), सायंकाळी 6.40
ब-204 यांचा मुद्दा योग्य आहे. एक सदनिका वगळता येणार नाही. मात्र रविवारी सकाळी तो डबा दोन दिवसांसाठी अन्यत्र हलवणे शक्य आहे का, ते पाहावे.

क-501, सायंकाळी 7.05
माझ्या पत्नीच्या दम्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आमची सदनिका फवारणीतून वगळलेली आहे. (सचिवांच्या ‘कोणासही सवलत नाही’ या वाक्यास हा एक जुना अपवाद आहे.) डबा माझ्या अभ्यासिकेत, दार लावून ठेवण्यास हरकत नाही. झाकण कोणीही उघडणार नाही, ही अट आहे. काय करावे व काय करू नये, ते लेखी द्यावे.

ब-304, सायंकाळी 7.48
काका, मनापासून आभार. लेखी देते. डबा उन्हात व पंख्याच्या झोतात नसावा. मुंग्या चढू नयेत म्हणून तो पाण्याच्या ताटलीत एखादी वाटी उपडी घालून तिच्यावर ठेवावा, कारण बिळात अडकलेल्या पिल्लाला मुंग्या जिवंत कुरतडतात. त्या खोलीत धूप व अगरबत्ती दोन दिवस नको. मोठ्या टॅरँटुलाला पाण्याची वाटी पुरते, पण पिल्लाचे कवच पातळ असल्याने ते लवकर सुकते; म्हणून डब्याच्या एका बाजूचे कोकोपीट मी ओले करूनच देईन, दुसरी बाजू कोरडी राहील. खाऊ घालायचे नाही. एरवी आठवड्यातून दोनदा मीलवर्मचा (एका भुंग्याच्या अळीचा) तुकडा देतो, पण गेले सोळा दिवस ती काही खात नाही, पोट काळसर व तुकतुकीत झाले आहे. कात टाकण्याची वेळ जवळ आल्याची ही खूण आहे. अशा वेळी तिला हलवू नये हे मला कळते. पण येथे ठेवणे त्याहून वाईट आहे.

क-501, सोमवार, सकाळी 6.38
ब-304 यांस तातडीने. फोन लागत नाही म्हणून येथे लिहितो. राई बिळाबाहेर येऊन उताणी पडली आहे, आठही पाय वर आहेत.

ब-304, सकाळी 6.41
काका, हात लावू नका, डबा हलवू नका. आम्ही दोघीही वर येत नाही, पावलांचा धक्काही नको. फक्त वाट पाहा.

क-501, सकाळी 7.20
अद्याप तसेच आहे. पाय अधूनमधून किंचित हलतात. मी खुर्ची घेऊन बसलो आहे. चहा बाहेरच घेतला.

क-501, सकाळी 8.55
सरळ झाली आहे. पूर्वीपेक्षा मोठी दिसते आणि गुडघ्यांवर केशरी रंग स्पष्ट आला आहे. दात मात्र पांढरेशुभ्र आहेत. शेजारी तिच्याच आकाराची दुसरी एक राई पडली आहे, ती म्हणजे कात असावी.

ब-304, सकाळी 8.58
पांढरे दात अजून मऊ असतात, म्हणूनच आठवडाभर खायला द्यायचे नसते. काका, आज संध्याकाळी मी झाकण उघडून कात काढीन, ती कृपया फेकू देऊ नका. पोटाकडचा भाग भिंगाखाली पाहून मादी की नर हे कधी कधी कळते. मादी असेल तर ती वीस वर्षांहून अधिक जगू शकते, नर फार थोडी.

क-501, सायंकाळी 6.30
आपली मुलगी येऊन डबा घेऊन गेली. कात तिने मला दिली. ती माझ्या जुन्या चष्म्याच्या घरात कापसावर ठेवली आहे आणि भिंग शोधत आहे.