सेकंडहँड सीएनजी पिकअप, गरम झाला की मिसिंग मारतोय (एखादा सिलिंडर मध्येच पेटत नाही): कॉइल, प्लग की अजून काही?

क्रेटवाला
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर एक छोटा पिकअप घेतलाय, २०१९ चा, चार सिलिंडर पेट्रोल, कंपनी फिटेड सीएनजी, मीटरला ९२ हजार. टोमॅटोचे क्रेट नारायणगाव मार्केटला न्यायचे, सीझनला वाशीची एखादी खेप, एवढंच काम. घेताना गाडी मक्खन चालत होती, डॅशवर एक लाइट नाही, आणि घरी आणल्यावर आठवड्याच्या आत चेक इंजिन पेटला. सकाळी थंड असताना ठीक असते पण गरम झाली की आयडलला नुसती थरथरते, आतला आरसा हलून हलून मागचं काही दिसत नाही, सायलेन्सरपाशी हात धरला तर फुकफुक मध्येच तुटते. रेस केली की बरंचसं जातं. लोड घेऊन चढाला मात्र जीवच नाही. मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०३०३ हा बिघाडाचा कोड आला. तो म्हणतो चारी कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या), चारी प्लग बदलू, इंजेक्टर साफ करू, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. पण त्याने जाईलच का विचारलं तर मान हलवतो, हो की नाही तेच कळत नाही. काय करू?

घाटमाथा
इथेनॉल. दुसरं काही नाही. वीस टक्केवालं पेट्रोल आल्यापासून सगळ्यांच्या गाड्यांची वाट लागलीय.

सोळाचा पाना
@घाटमाथा अहो दादा, पेट्रोल चारी सिलिंडरला एकच जातं ना, मग एकटा तीन नंबरच का रुसेल? इंधन खराब असतं तर बहुतेक पी०३०० आला असता, म्हणजे कुठलाही सिलिंडर कधीही. शिवाय भाऊ सीएनजीवर पळवतोय.

@क्रेटवाला आधी एकही पार्ट विकत घेऊ नको. ०३०३ म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाहीये एवढंच कळलं, का पेटत नाही ते स्कॅनरला माहीत नसतं, ते आपण शोधायचं. आणि ते फुकटात होतं. तीनची कॉइल काढून एकला लाव, एकची तीनला, कोड पुसून गाडी चांगली गरम होईपर्यंत फिरव. कोड ०३०१ झाला तर कॉइल गेली, एकच घे, विषय संपला. ०३०३ च राहिला तर प्लगचीही तशीच अदलाबदल कर. नंबर टायमिंग चेनच्या बाजूने मोजायचे, गिअरबॉक्सकडून मोजलेस तर तीनऐवजी दोनची कॉइल काढून बसशील, असे बहाद्दर आमच्याकडे येतात.

प्लग काढलाच आहेस तर नीट बघ. टोकाचं पोर्सिलिन पांढरं फटक म्हणजे गाडी लीन चालतेय, हवा जास्त इंधन कमी, काळा कोरडा काजळीचा थर म्हणजे इंधन जास्त किंवा पेटतच नाही, ओला तेलकट असेल तर रिंग नाहीतर वॉल्व्ह सील. पोर्सिलिनवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट बाहेरून पळतोय, तो प्लग फेक आणि कॉइलचं रबर पण बघ. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. सर्व्हिसिंगवाल्याने प्रेशरने इंजिन धुतलं असेल तर पाणी पण सापडतं.

आणि हो, चेक लाइट नुसता पेटलेला असेल तर हळूहळू घरी ये, पण फडफडायला लागला तर बाजूला घे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लाल होतो आणि मग जो खर्च येतो त्यात चार वेळा कॉइल आल्या असत्या.

सीएनजी पीडित
घेताना लाइट नव्हता आणि आठवड्यात पेटला म्हणजे विकणाऱ्याने कोड पुसून गाडी दाखवली, माझी पैज. पुढच्या वेळी कुणी जुनी गाडी घेत असेल तर स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर खिशात ठेवा आणि त्यात रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते बघा, बरेचसे अपूर्ण दाखवत असतील तर नुकतंच कुणीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीय. तिथेच भाव पाडायचा नाहीतर चहा पिऊन घरी.

बाकी पेट्रोलवर टाकून पाहिलंस का? पेट्रोलवर मिसिंग गायब आणि गॅसवर हजर असेल तर गॅसचा फिल्टर, गॅस इंजेक्टर नाहीतर प्लग. गॅसला ठिणगी जोरात लागते, प्लगच्या टोकांमधला गॅप वाढला की पेट्रोल चालवून घेतं, गॅस नाही घेत. फक्त एक, तुझ्या आधीच्या मालकाने पेट्रोल कधी भरलं होतं देव जाणे, टाकीत ताजं टाकून मग टेस्ट घे.

क्रेटवाला
सगळ्यांचे आभार. कॉइलची अदलाबदल करून पाहिली, कोड तीनलाच. प्लगची पण केली, तीनलाच. ताजं पेट्रोल टाकून पेट्रोलवर चालवली, तरी तसंच. मग तालुक्याला जाऊन कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करून घेतलं, एक ते चार ओळीने १७५, १७०, ११० आणि १७५ पीएसआय आलं. तीनमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडून परत घेतलं तर ११५. तिथला मेकॅनिक म्हणतो हेड, म्हणजे इंजिनचा वॉल्व्हवाला वरचा भाग, काढावं लागेल. पोटात गोळा आलाय.

सोळाचा पाना
घाबरू नको, आता उलट चोर सापडला. ऑइल सोडल्यावर काटा चांगला वर गेला असता तर पिस्टनची रिंग खराब, कारण ऑइलने रिंगची गळती तेवढ्यापुरती बुजते. तुझा जेमतेम पाचने हलला म्हणजे वॉल्व्ह, किंवा फार तर हेड गॅस्केट. पाणी कमी होत नसेल तर गॅस्केट जरा मागे ठेवू. गॅसच्या गाडीत पहिला संशय एक्झॉस्ट वॉल्व्हवर. गॅस कोरडा, वॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजत जाते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप (वॉल्व्हच्या दांडीवर सोडलेली बारीक फट) कमी कमी होत शून्यावर येतो. थंड असताना कसाबसा बसतो, गरम झाल्यावर दांडी लांबते आणि वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. रेस केल्यावर बरं का वाटतं? गळायला वेळच मिळत नाही. तुझी लक्षणं तंतोतंत तीच आहेत.

हेड खोलायच्या आधी टॅपेट कव्हर काढून थंड इंजिनवर फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, लाव. आणि कुणाकडे प्लगच्या आट्यांचा हवेचा पाइप असेल तर तीन नंबरचा पिस्टन टॉपला आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा सोड. पिस्टन हवेने खाली जातो आणि इंजिन फिरतं म्हणून गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, हात फॅनबेल्टपासून लांब. आता कान लाव. सायलेन्सरमधून सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट, एअर फिल्टरकडून आलं तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आलं तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

क्रेटवाला
सायलेन्सर! मुलाला मागे उभं केलं होतं, तो ओरडलाच. आणि तीनच्या एका एक्झॉस्टला गेजमधली सगळ्यात पातळ पाती पण शिरत नाही. दुसऱ्याला जाते.

सोळाचा पाना
मग आधी तोच गॅप मॅन्युअलच्या मापाला आण. काही इंजिनात स्क्रू असतो, काहीत वॉल्व्हवरची मापाची टोपी, म्हणजे बकेट, बदलावी लागते, ती बाहेर मायक्रोमीटरने मोजून मागव. मग परत कॉम्प्रेशन घे. दीडशेच्या वर आलं आणि चौघांत फार फरक नसेल तर हेडला हात लावू नको, पण दर सर्व्हिसिंगला गॅप बघत जा. ११० लाच अडलं तर वॉल्व्हची कड जळलीय, मग हेड काढून लेथवाल्याकडे सीट कटिंग आणि नवीन वॉल्व्ह, आणि त्याला सांग सीट गॅसच्या गाडीची कडक टाक, साधी टाकली तर पुढच्या सीझनला परत इथेच भेटू. क्रेट तोवर कुणाच्या तरी गाडीत टाक.

घाटमाथा
तरी पण इथेनॉल वाईटच.