१०० डावांत ३५ एलो वाढले, खरे मानू का?

प्यादे_पुढे: मी स्वतःचं बुद्धिबळ इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लिहितोय. राजाच्या सुरक्षिततेचं मूल्यमापन बदललं आणि नवी आवृत्ती जुनीशी १०० डाव खेळवली. ३० जिंकले, २० हरले, ५० बरोबरीत. ५५ टक्के गुण, म्हणजे सुमारे ३५ एलो (खेळाडूची ताकद मोजणारे गुण). जुनीला मी २४०० धरतो, मग नवीला २४३५ म्हणू का?

तिरका_उंट: एवढ्यात नको. मी एकदा अशाच १०० डावांच्या भरवशावर एकावर एक तीन बदल चढवले. पुढे हजारो डाव खेळवले, तेव्हा तिघांतला एकही टिकला नाही. फार जिव्हारी लागलं होतं.

तुमच्याच आकड्यांवरून ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढली, म्हणजे खरी वाढ कुठून कुठपर्यंत असू शकते ते: उणे १३ ते अधिक ८४ एलो. शून्य आतच आहे, म्हणजे वाढ मुळीच नसेलही! बरोबरीचे डाव सोडा, उरले ५० निकाल. नाणं ५० वेळा उडवलं तरी ३० किंवा जास्त छापे साधारण दहात एकदा पडतात. ही मर्यादा निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. १०,००० डावांना ती दोन्ही बाजूंना ५ एलोच्या आसपास येईल.

आणि सगळे डाव एकाच स्थितीतून सुरू केलेत का? पीजीएन (डावांच्या खेळ्या नोंदलेली फाइल) उघडून बघा.

प्यादे_पुढे: बघितलं. सातवा आणि एकोणिसावा डाव शेजारी ठेवले, तर पहिल्या खेळीपासून मात होईपर्यंत तेच! असे आणखीही आहेत.

तिरका_उंट: म्हणजे १०० डाव १०० नाहीतच, मर्यादा वर सांगितली त्याहून रुंद. ओपनिंगची (डावाच्या वेगवेगळ्या सुरुवातींची) फाइल घ्या, प्रत्येक स्थिती रंग बदलून दोनदा खेळवा.

हत्ती_सरळ: २४३५ चं म्हणाल तर एलो फक्त एकमेकांतला फरक सांगतो. सीसीआरएल या इंजिनांच्या क्रमवारीच्या यादीतले आकडेही फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, माणसांच्या आकड्यांशी जोडता येत नाहीत. शिवाय आपल्याच जुन्या आवृत्तीवर मिळवलेली वाढ परक्या इंजिनांपुढे बहुधा कमी भरते, म्हणून चार-पाच वेगळे प्रतिस्पर्धी ठेवा. आकडा चांगला दिसला की थांबायचं, हेही करू नका. स्टॉकफिश या इंजिनाच्या फिशटेस्ट या चाचणी-व्यवस्थेसारखं एसपीआरटी (डाव होत जातील तसा निर्णय तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावा. सीमा आधी ठरवायच्या, कधी थांबायचं ते चाचणीच सांगते.

प्यादे_पुढे: ० आणि ५ एलोच्या सीमा लावल्या, ओपनिंगही बदलल्या. ४१२ डाव झालेत, निर्णय अजून नाही. रात्रभर चालू ठेवतोय.