पुंगळी दर वेळी कातावी, की माप ओलांडल्यावरच?

घोडबंदरकर
टेक्सासमध्ये राहणारे माझे मेहुणे रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरतात आणि डायमधून (झाडलेल्या पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढलेली प्रत्येक पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे कवच, लांबी न मोजताच, तोंड कातणाऱ्या ट्रिमरवर चढवतात. झाडताना आणि डायमध्ये दाबताना पितळ सरकून पुंगळी लांबते, म्हणून हे कातणे. (आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे चर्चा तिकडच्या कामाचीच आहे.) माझ्या मते ही मेहनत वाया जाते. ३०८ विंचेस्टर या रायफल-काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आणि कातण्याचे माप २.००५ इंच आहे. पुंगळी कमाल मापाच्या पुढे गेली, तर तिचे तोंड चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) टोकाशी अडकून गोळीला आवळते आणि दाब धोकादायक रीतीने वाढतो, हे मान्य. पण त्या मापाच्या आत असलेली पुंगळी कातून काय साधते?

वागळे इस्टेटचा लेथवाला
असहमत. ट्रिमरचा स्टॉप (कटरला ठरलेल्या लांबीवर थांबवणारा अडसर) एकदा बसवला, की आखूड पुंगळीला कटर लागतच नाही, म्हणजे यंत्रच मोजमाप करते. शंभर पुंगळ्या कॅलिपरमध्ये धरत बसण्यापेक्षा त्यात कमी वेळ जातो. शिवाय तोंड क्रिम्प करायचे, म्हणजे गोळीवर आत दाबायचे असेल, तर लांब पुंगळीवर क्रिम्प घट्ट बसतो आणि आखूड पुंगळीवर सैल, त्यामुळे एकाच लॉटमधली काडतुसे वेगवेगळी वागतात. आमच्या धंद्यात असा माल इन्स्पेक्शनमधून परत येतो.

ऐरोलीकर
पिस्तुलाचे काय? ४५ एसीपीसारख्या सरळ पुंगळ्या फारशा वाढत नाहीत आणि बहुतेक लोक त्या कधीच कातत नाहीत.

घोडबंदरकर
पिस्तुलाबाबत बरोबर, पण मुद्दा बाटलीसारखी मान असलेल्या पुंगळीचा आहे. लेथवाले, तुमचा स्टॉप २.००५ वर असल्यामुळे २.०१० ची निर्धोक पुंगळीही कातली जाते आणि मग आतून-बाहेरून बर (कातलेल्या कडेवर उरलेली धार) काढण्याचे काम विनाकारण वाढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मानेकडे सरकलेले पितळ खालच्या भिंतीतून आलेले असते. मान कातली, म्हणून बुडाजवळ पातळ झालेली भिंत पुन्हा जाड होत नाही, आणि पुंगळी तुटते ती तिथेच. वाचलेला वेळ वाकवलेली तार आत फिरवून तिथे खाच लागते का, हे पाहण्यात घालवावा. डाय गरजेपेक्षा खाली बसवून खांदा (मानेखालचा उतार) दर वेळी जास्त मागे ढकलला जात असेल, तर पुंगळी वाढण्याचे मूळ तिथे आहे.

वागळे इस्टेटचा लेथवाला
तार फिरवावीच, डायही नीट बसवावा. पण त्यामुळे कातण्याची गरज कशी संपते, हे तुम्ही सांगितलेले नाही. मेहुणे क्रिम्प करतात का?

घोडबंदरकर
नाही. बोल्ट ॲक्शन रायफल आहे, गोळी फक्त मानेच्या पकडीवर बसते.

वागळे इस्टेटचा लेथवाला
मग क्रिम्पचा मुद्दा त्यांच्यापुरता मागे घेतो. स्टॉपचा मात्र घेत नाही, तो २.०१० वर बसवला, तर तुमची तक्रारही उरत नाही.