तीन आठवड्यांसाठी परदेशातल्या मुलांना नाटक शिकवायला जावं का? (ऑनलाइन मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तालीम

पंधरा वर्षं मी कोथरूडला बालनाट्य शिबिरं घेते. लहानपणी माझ्याकडे आलेली एक मुलगी आता नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात ती शिफारसपत्र मागायला आली. सुट्टीत तीन आठवडे कंबोडियाला जायचं, तिथल्या एका अनाथाश्रमातल्या मुलांना नाटक आणि नाच शिकवायचा, शेवटच्या दिवशी त्यांचा कार्यक्रम करायचा. प्रवासखर्च तिचा, वर संस्थेला द्यायचं शुल्कही तिचंच. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी पत्र दिलं नाही. ती रडत घरी गेली, आणि तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

कंबोडियात 2005 साली 154 निवासी बालगृहं होती, 2010 पर्यंत ती 269 झाली. युद्ध संपून तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. वाढत होते ते पर्यटक. पाहणी झाली तेव्हा दिसलं की बालगृहांतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात आहेत. गरीब आईबापांना सांगायचं, मुलाला शिकवतो, दोन वेळा जेवू घालतो, आणि मग त्याच मुलाला पाहुण्यांपुढे नाचायला उभं करायचं. फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने 2011 मध्ये मोहीमच काढली की मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत.

शिवाय नाटकाचा वर्ग गणितासारखा नसतो. आपण पहिल्याच आठवड्यात विश्वासाचा खेळ घेतो. डोळे मिटून मागे पडायचं, मागचा झेलणार. मूल एकदा पडायला शिकलं की मनातलं बाहेर काढायला लागतं. बाविसाव्या दिवशी ते पडेल तेव्हा झेलायला कोण आहे?

आणखी एक. 1975 ते 1979 या चार वर्षांत ख्मेर रूज राजवटीने त्या देशातले बहुतेक कलाकार संपवले. आर्न चॉर्न-पाँड तेव्हा लहान मुलगा होता, सैनिकांसाठी बासरी वाजवायचा म्हणून जिवंत राहिला. वाचलेल्या गुरूंना शोधून काढून, मानधन देऊन, मुलांना शिकवायला बसवायचं काम त्याने 1998 मध्ये सुरू केलं. आज ती संस्था कंबोडियन लिव्हिंग आर्ट्स या नावाने ओळखली जाते. तिथल्या मुलांचा पहिला हक्क त्या गुरूंवर आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या शुल्कात असा एक गुरू किती महिने शिकवू शकेल, हा हिशोब मी तिच्यापुढे मांडला. तो तिला फार लागला.

पढंत

ताई, तुमचं अनाथाश्रमांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. बाकीचं नाही.

मी कथक करते. शिकत असताना पाच आठवडे नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या एका शाळेत जाऊन आले. मुलं दुपारी घरी जाणारी, आईबाप असलेली. तीनतालाच्या सोळा मात्रा स्वाहिलीत मोजायला गेले तर अकराला 'कुमी ना मोजा' म्हणायचं, ते एका मात्रेत बसेना. मग मुलांनीच ठरवलं की चार-चारच मोजायचं. मोजा, म्बिली, टाटू, न्ने, म्हणजे एक ते चार, चार वेळा. तीनतालाचे चार विभाग मी सहा वर्षं तोंडपाठ म्हणत होते, पण ते पायात बसले तिथे, त्या मुलांमुळे.

एक मुलगी रोज समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित पुढे पाय मारायची. तीन दिवस मी तिला दुरुस्त करत राहिले. चौथ्या दिवशी गल्लीत बायका नाचत होत्या, त्यांचा जोर नेमका तिथेच पडत होता. चूक माझ्या कानाची होती. मग मी तिच्या त्या जागेवर तुकडा, म्हणजे नाचाची छोटी रचना, बांधला आणि तो बाकीच्या मुलांना तिने शिकवला. तेव्हा तिची मान कशी ताठ झाली होती ते मी पाहिलं आहे. पाच आठवड्यांत आयुष्य बदललं असं मी म्हणणार नाही. पण ते काहीच नव्हतं असंही कोणी म्हणू नये. वीस वर्षांच्या कलाकाराला आधी पारंगत हो, मग दहा वर्षांची सवड काढ, असं सांगितलं तर कोणीच कुठे जाणार नाही.

डहाणूकर

मी दुसऱ्या बाजूला बसलेला. सातवीपर्यंत आश्रमशाळेत होतो. दर वर्षी शहरातून, कधी परदेशातून कॉलेजची मुलं यायची, पंधरा दिवस. प्रेमळ होती, त्यात खोट नाही. दर वर्षी आमची नावं विचारायची, दर वर्षी तोच गोल करून तोच टाळ्यांचा खेळ. तिसऱ्या वर्षी आम्हाला कळलं की कुठे हसलं की त्यांना बरं वाटतं. मग आम्ही तिथे हसायचो. दहा वर्षांच्या पोराला ही कला येऊ नये.

आणि निरोपाच्या दिवशी आमची लहान पोरं रडायची. मोठी नाही रडायची. त्यांना सवय झालेली असायची.

आमच्याकडे तारपा आहे. दुधी भोपळ्याचा. वाजवणारा जिकडे वळेल तिकडे नाचणाऱ्यांची साखळी वळते, त्याच्याकडे पाठ करायची नाही. माझा आजा वाजवायचा, शाळेपासून दोन कोसांवर राहायचा. इतक्या वर्षांत त्याला शाळेत एकदाही बोलावलं नाही. पाहुण्यांनी आम्हाला सिनेमाच्या गाण्यावरचा नाच शिकवला, आणि फोटोसाठी म्हणाले, आता तुमचा तो आदिवासी नाच करा. पढंत, तुम्ही त्या मुलीची जागा ऐकलीत. आमच्याकडे आलेल्यांपैकी कोणी ऐकली नाही.

विंगेतून

डहाणूकर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

तरी ताईंनी कंबोडियाचं उदाहरण घेतलं आहे म्हणून त्याच देशातली दुसरी गोष्ट सांगतो. थायलंडच्या सीमेवर साइट टू नावाची निर्वासित छावणी होती. तिथे वेरोनिक देक्रो ही फ्रेंच शिक्षिका मुलांना चित्रकला शिकवायची. छावणीतून परतलेल्या तिच्या नऊ विद्यार्थ्यांनी 1994 मध्ये बाट्टांबांगला फारे पोन्लू सेल्पाक ही शाळा काढली. पुढे तिथे संगीत, नाटक, सर्कस आली. 2013 पासून त्यांची सर्कस सिएम रीपला नियमित प्रयोग करते, त्यातून कलाकारांचं पोट चालतं आणि शाळेलाही पैसा मिळतो. परदेशी शिक्षिका नकोच म्हटलं असतं तर हे उभं राहिलं असतं का?

आपल्याकडेही बघा. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमी बघून आल्या आणि 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू झालं. 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अकादमीने मॅक्सम्युलर भवनाच्या मदतीने बर्लिनचं ग्रिप्स हे बालनाट्य पुण्यात आणलं. पुण्यातल्या किती नटांची पहिली चाल त्या तालमींत घडली! बाहेरच्या वाऱ्याला दार लावून घेणारी रंगभूमी आपली कधीच नव्हती.

तालीम

विंगेतून, तुमची दोन्ही उदाहरणं मला प्रिय आहेत, पण ती माझ्याच बाजूची आहेत. ती फ्रेंच बाई तीन आठवड्यांत परत गेली नाही. आणि ग्रिप्समध्ये मुलांची कामं मोठी माणसं करतात. बर्लिनचे दिग्दर्शक आले ते आपल्या मोठ्या नटांबरोबर तालमी करायला. ते परत गेले तेव्हा कोणतंही लहान मूल दारात रडत उभं नव्हतं, आणि शिकलेले नट इथेच होते.

फिनिक्सकर

मॉरिशसहून लिहितो. घरात मराठी आता आजीपुरती उरली आहे, पण इथे मराठी नाटकं होतात आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय संगीत, नृत्य रीतसर शिकवतात. मी तिथेच तबला शिकलो. आम्हाला भारतातले विद्यार्थी हवे असतात, पण मुलांना पहिला धडा द्यायला नाही. त्यासाठी आमचे शिक्षक आहेत. आमच्या मुलांबरोबर बसून रियाज करणारा, त्यांच्याच वयाचा कोणी भेटत नाही. तसा एक जण महिनाभर आला होता. त्याने एकही वर्ग घेतला नाही, रोज संध्याकाळी सगळ्यांबरोबर वाजवलं. त्याचे कायदे, म्हणजे तबल्याच्या रचना, पोरं अजून वाजवतात.

पढंत

फिनिक्सकर, हे फार आवडलं.

ताई, थोड्या काळाचं सगळंच वाईट नसतं, याला अजून एक पुरावा देते. मेरी-मिचेल कॅम्पबेल या संगीत दिग्दर्शिकेने न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केलेली अ‍ॅस्टेप ही संस्था तमिळनाडूतल्या शांती भवनमध्ये कलाकार पाठवत आली आहे. डॉ. अब्राहम जॉर्ज यांनी 1997 मध्ये काढलेली ही निवासी शाळा. गरीब, बहुतांशी दलित घरांतली मुलं चौथ्या वर्षी येतात, बारावीपर्यंत राहतात, सुट्टीत घरी जातात. कलाकार पाहुणे असतात, पण ते गेल्यावर शाळा जागेवर असते.

डहाणूकर

मुलं निवासी असली की मला धास्ती वाटतेच. चार वर्षांचं पोर आईपासून लांब आहे, त्याला दर वर्षी नवा प्रेमळ माणूस कशाला? शाळा कितीही चांगली असो. मोठ्या मुलांना शिकवा, सोळा-सतराच्या. लहानांना त्यांचे रोजचे शिक्षक राहू द्या.

दुसरं_वर्ष

मी तीच, जिला पत्र मिळालं नाही. ताई, धागा सापडला.

तुमच्या हिशोबाचा राग आला होता. तरी मी त्या संस्थेला मेल करून विचारलं की उरलेले एकोणपन्नास आठवडे नाटक आणि नाच कोण शिकवतं. उत्तर आलं की सध्या कोणी नाही, म्हणूनच तुमच्यासारख्यांची गरज आहे. शेवटच्या कार्यक्रमाला देणगीदार येतात, असंही त्यात होतं. मी जात नाही आहे.

पण ताई, तुमचं उन्हाळी शिबिर दहा दिवसांचं. मी आठ वर्षांची होते. शेवटच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात प्रयोग झाला, आईबाबांनी फोटो काढले, आणि अकराव्या दिवशी हॉलला कुलूप. मी आठवडाभर त्या हॉलपर्यंत जाऊन यायचे. मला कोणी विचारलं नव्हतं.

तालीम

तुला संध्याकाळी आई घरी न्यायची, त्या मुलांना नेणारं कोणी नाही. फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे असं मला अजूनही वाटतं. पण तू हॉलपर्यंत येत होतीस हे मला माहीत नव्हतं.

या वर्षी शिबिर झाल्यावर दर शनिवारी हॉल उघडा ठेवते. पत्र नाही दिलं, किल्ली देते. येशील का?